हायड्रोजनची चाहूल देणाऱ्या सूक्ष्म तारा



मंगळवेढ्याची ख्याती संतांची भूमी म्हणून जशी आहे, तशीच ज्वारीचे कोठार म्हणूनही आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. येथील काळ्या कसदार जमिनीत पिकणाऱ्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले आहे. धान्य टिकविण्यासाठी दख्खनच्या गावांत पूर्वी जमिनीत पेवे खणली जात. पेव उघडल्याबरोबर कोणीही आत उतरत नसे. तोंड काही काळ उघडे ठेवून वारा खेळू दिला जाई आणि मग दोरीला बांधलेला पेटता कंदील आत सोडला जाई. कंदील मंदावला किंवा विझला, तर आतला प्राणवायू संपला आहे आणि तेथे उतरणे म्हणजे जीव गमावणे आहे, हे जाणत्या शेतकऱ्याला कळत असे. धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, ही त्यामागील शास्त्रीय मीमांसा त्याने वाचलेली नसेल. पण न दिसणाऱ्या वायूची परीक्षा घेतल्याविना पाऊल टाकू नये, हा नियम त्याला पक्का ठाऊक होता.

हाच नियम आता एका निराळ्या वायूच्या बाबतीत पाळावा लागणार आहे. मात्र येथे कंदील उपयोगाचा नाही. उलट तोच घातक ठरेल. हा वायू म्हणजे हायड्रोजन, जुन्या क्रमिक पुस्तकांतील उद्‌जन. त्याची चाहूल ज्योतीविना, अचूकपणे आणि काही क्षणांत कशी घ्यावी, या प्रश्नाला विज्ञानाने दिलेल्या उत्तरांपैकी एक अत्यंत वेधक उत्तर म्हणजे केसाहून शेकडो पटींनी बारीक अशा तारांचे संवेदक होय.

वास नाही, रंग नाही, ज्योतही दिसत नाही

हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये हायड्रोजनचे स्वतंत्र अस्तित्व दाखवून दिले. हा सर्वांत हलका वायू. हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्शाइतकी त्याची घनता. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले, तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. पेटण्यासाठी लागणारी ऊर्जाही अतिशय अल्प, म्हणजे एका मिलिज्यूलच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी असते. नैसर्गिक वायूतील मिथेनला याच्या दहापटीहून अधिक ऊर्जा लागते. विजेचे बटण दाबताना उडणारी बारीक ठिणगीदेखील हायड्रोजनला पुरते. त्याची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात ती डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात फारसा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. हायड्रोजनच्या बाबतीत हा उपाय सहज लागू पडत नाही. असे गंधकयुक्त पदार्थ इंधनघटातील उत्प्रेरक निकामी करतात. शिवाय हायड्रोजन इतका चपळ असतो, की जेथून तो निसटेल तेथून वासाचे जड रेणू त्याच्याबरोबर निघतीलच असे नाही. म्हणून नाकावर विसंबून चालत नाही. यंत्राचेच नाक हवे.

हायड्रोजन आपल्या परिसरातच आहे

हायड्रोजन म्हणजे दूरच्या प्रयोगशाळेतील वस्तू, असा समज असेल तर तो बरोबर नाही. सोलापूरजवळ फताटेवाडी येथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ मध्ये व दुसरा २०१९ मध्ये व्यापारी उत्पादनात आला. एवढ्या क्षमतेच्या जनित्रांचा फिरता भाग थंड ठेवण्यासाठी हवेऐवजी दाबाखालील हायड्रोजन वापरण्याची पद्धत जगभर रूढ आहे. हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट चांगला उष्णतावाहक आहे आणि हलका असल्यामुळे फिरणाऱ्या भागाला त्याचा अडथळाही कमी होतो. अर्थात, अशा जनित्राभोवती गळतीवर अहोरात्र नजर ठेवावी लागते.

याहून जवळचे उदाहरण तर घराघरांत आहे. वीज गेल्यावर दिवे चालू ठेवणाऱ्या इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीत, ती पूर्ण भरल्यानंतरही प्रवाह चालू राहिला, तर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायू बाहेर पडतात. विद्युत उपकेंद्रे, दूरध्वनी केंद्रे आणि बॅटरीवरील रिक्षा भारित करण्याच्या शेड यांनाही हे लागू आहे. येथे थोडा हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. भरलेल्या घटातून एक अँपिअर-तास इतका जादा प्रवाह गेला, तर सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निर्माण होतो. उपकेंद्रातील बॅटरीसंचात ५५ घट आहेत असे धरले आणि भारणयंत्रातील बिघाडामुळे ५० अँपिअर-तास जादा प्रवाह गेला, तर सुमारे १,१५० लिटर हायड्रोजन बाहेर पडेल. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलीत २७ हजार लिटर हवा मावते. ती खोली पूर्ण बंद असेल, तर हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपलीकडे, म्हणजे पेट घेण्याच्या मर्यादेपलीकडे जाते. हलकेपणामुळे तो आधी छताशी साचतो. म्हणून छतालगतच्या थरात ही मर्यादा त्याहून पुष्कळ आधी ओलांडली जाऊ शकते. सकाळी दार उघडून दिव्याचे बटण दाबणाऱ्या कर्मचाऱ्याला यातील काहीही दिसत नाही, हाच खरा धोका आहे.

मोठ्या प्रमाणावर हे किती भयंकर होऊ शकते, हे जपानमध्ये मार्च २०११ मध्ये दिसून आले. फुकुशिमा येथील अणुविद्युत केंद्रात शीतकरण बंद पडल्यावर तापलेल्या झिर्कोनियम धातूची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन निर्माण झाला आणि अणुभट्ट्यांच्या इमारती स्फोटांनी उद्ध्वस्त झाल्या. साचलेल्या हायड्रोजनचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने पुन्हा पाण्यात रूपांतर करणारी साधने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केली आहेत. पण कोठे, किती हायड्रोजन साचला आहे, हे कळणे ही प्रत्येक उपायाची पहिली पायरी असते.

धातू जो हायड्रोजन पितो

हायड्रोजन ओळखण्याची किल्ली एका जुन्या शोधात आहे. पॅलेडियम हा प्लॅटिनमच्या कुळातील पांढरा, मौल्यवान धातू. १८६० च्या दशकात थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले, की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेपट हायड्रोजन शोषून घेतो. हायड्रोजनचा रेणू या धातूच्या पृष्ठभागावर येताच दुभंगतो आणि त्याचे सुटे अणू धातूच्या अणूंमधील पोकळ्यांत शिरतात. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. धातूचा विद्युत्‌रोध वाढतो आणि धातू किंचित फुगतो. हायड्रोजन निघून गेला, की तो पुन्हा मूळ स्थितीकडे येतो.

म्हणजे पॅलेडियमच्या तारेतून प्रवाह सोडावा आणि तिचा रोध मोजत राहावे, एवढ्याने संवेदक तयार झाला, असे वाटेल. तत्त्वतः ते खरे आहे. अडचण आहे ती वेळेची. जाड तारेच्या गाभ्यापर्यंत हायड्रोजन पोचण्यास विलंब लागतो, आणि तोवर सूचना मिळून उपयोग काय?

ही अडचण समजण्यासाठी पुन्हा ज्वारीकडेच वळणे सोयीचे आहे. ज्वारीचा दाणा भिजण्यास तासन्‌तास लागतात; त्याच ज्वारीचे पीठ मात्र परातीत पाणी पडताच ओले होते. धान्य तेच, पाणीही तेच. फरक आहे तो पृष्ठभागाचा. वस्तू जितकी बारीक, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अधिक आणि आतपर्यंतचे अंतर कमी. तारेचेही असेच आहे. एक मिलिमीटर जाडीच्या तारेऐवजी १०० नॅनोमीटर जाडीची तार घेतली, तर आकारमानाच्या तुलनेत तिचा पृष्ठभाग दहा हजारपट होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या तारांच्या बारीकपणाची कल्पना येईल. अशा तारेत गाभा असा उरतच नाही. सर्व तार जणू पृष्ठभागच असते.

तुटलेल्या तारेचा उपयोग

२००१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील विभागात रेजिनाल्ड पेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पॅलेडियम तारांचे संवेदक तयार केल्याचे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर अणूंच्या थरांच्या ज्या नैसर्गिक पायऱ्या असतात, त्यांच्या कडांवर विद्युतविलेपनाने त्यांनी पॅलेडियम बसविले आणि तयार झालेल्या समांतर तारा काचेवरील चिकट थरात उचलून घेतल्या.

या तारांनी एक अनपेक्षित गुण दाखविला. हायड्रोजनच्या पहिल्या स्पर्शानंतर त्या जागोजागी तडकल्या. एरवी तुटलेली तार निरुपयोगीच. परंतु येथे हायड्रोजन आला की धातूचे कण फुगून त्या फटी मिटत आणि प्रवाह वाहू लागे. हायड्रोजन गेला की फटी पुन्हा उघडत आणि प्रवाह थांबे. म्हणजे हायड्रोजन स्वतःच बटणाचे काम करू लागला. हा प्रतिसाद सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात मिळत होता आणि त्यासाठी तार तापवावी लागत नव्हती. ज्वालाग्राही वायू शोधणाऱ्या उपकरणात उष्णतेची गरज नसणे, ही मोठीच सोय होय.

ऑक्साइडच्या तारा

दुसरा मार्ग अर्धवाहक ऑक्साइडांचा आहे. जपानमध्ये १९६२ च्या सुमारास नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा वायुसंवेदक तयार केला आणि घरगुती गॅसची गळती ओळखणाऱ्या उपकरणांचा पाया घातला. तापलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायू चिकटतो आणि त्यातील इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. त्यामुळे रोध वाढतो. हायड्रोजन आला की तो या प्राणवायूशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो.

हा सर्व व्यवहार पृष्ठभागालगतच्या काही नॅनोमीटरच्या थरातच चालतो. रुंद कालव्याच्या काठाला थोडी माती ढासळली, तरी पाण्याच्या प्रवाहावर परिणाम होत नाही. वीतभर रुंदीच्या पाटात मात्र ओंजळभर मातीनेही पाणी अडते आणि ती काढताच वाहू लागते. कथिल किंवा जस्ताच्या ऑक्साइडची तार पुरेशी बारीक असली, तर तिची अवस्था त्या पाटासारखी होते. पृष्ठभागावरील अल्प बदलही संपूर्ण प्रवाहावर ताबा मिळवितो. तिच्यावर पॅलेडियमचे बारीक कण पेरले, तर हायड्रोजनविषयीची तिची संवेदनक्षमता आणखी वाढते.

अशा तारा बनविण्यास नेहमीच महागडी यंत्रसामग्री लागते असे नाही. सच्छिद्र ॲल्युमिनाच्या साच्यात धातूचे विद्युतविलेपन करता येते. झिंक नायट्रेट आणि हेक्झामिन यांच्या द्रावणात, सुमारे ९० अंश सेल्सिअस तापमानाला, काचेच्या पट्टीवर काही तासांत जस्ताच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म दांड्या उगवतात. हा प्रयोग सर्वसाधारण महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातील आहे. रासायनिक द्रावणांतून पातळ थर देण्याच्या अल्पखर्ची पद्धतींची चांगली परंपरा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातही पॉलिॲनिलिनसारख्या विद्युतवाहक बहुवारिकांवर आधारित वायुसंवेदकांचे संशोधन झालेले आहे. म्हणजे या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मंगळवेढ्याच्या विद्यार्थ्याला फार दूर जाण्याचे कारण नाही.

प्रयोगशाळेतून कारखान्यात

एवढ्यावरून प्रश्न सुटला असे मानणे मात्र घाईचे होईल. पॅलेडियमच्या तारेची एक मर्यादा अशी, की हवेत हायड्रोजन सुमारे २ टक्क्यांच्या आसपास गेला म्हणजे धातूची अंतर्गत रचनाच बदलू लागते. वाढत्या प्रमाणाला मिळणारे वाचन आणि उतरत्या प्रमाणाला मिळणारे वाचन यांत त्यामुळे तफावत पडते. वारंवार फुगण्या-आकसण्याने तार झिजते. निकेलसारख्या धातूचे मिश्रण करून हा दोष कमी करता येतो. पण त्याबरोबर संवेदनक्षमताही काहीशी उतरते.

दुसरी मर्यादा सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. उसाचा रस स्वच्छ करताना गंधकाचा धूर वापरण्याची पद्धत आपल्याकडे प्रचलित आहे. मळीपासून मद्यार्क काढला जातो. जैववायूच्या टाक्यांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. गंधकाची संयुगे पॅलेडियमचा पृष्ठभाग व्यापून टाकतात आणि मग हायड्रोजनला शिरण्यास वाट राहत नाही. तार जागेवर असते, दिवा हिरवा असतो, पण संवेदक आंधळा झालेला असतो. उलटपक्षी, ऑक्साइडचा संवेदक मद्यार्काच्या वाफेलाही हायड्रोजन समजून खोटी सूचना देऊ शकतो. आणि खोट्या सूचना वारंवार मिळू लागल्या, की माणसे घंटाच बंद करून ठेवतात. त्यात उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान, काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांची भर पडते. स्वच्छ प्रयोगशाळेत कोरड्या वायूत उत्तम ठरलेला संवेदक येथे उत्तम ठरेलच, असे गृहीत धरता येत नाही. तो येथेच तपासून पाहावा लागेल.

तेव्हा नॅनो तारांची खरी कसोटी त्यांच्या कमालीच्या संवेदनक्षमतेत नसून विश्वासार्हतेत आहे. लाखात एक भाग हायड्रोजन ओळखण्याची करामत प्रयोगशाळेत भूषणावह आहे; परंतु बॅटरीच्या खोलीत काम करणाऱ्याला हवी आहे ती ०.४ टक्का किंवा १ टक्का या पातळीची सूचना, जी पाच वर्षांनंतरही न चुकता मिळेल. या दोन पातळ्या म्हणजे पेट घेण्याच्या किमान मर्यादेचा अनुक्रमे दहावा आणि चौथा हिस्सा होत. धोक्याची घंटा साधारणपणे अशाच पातळ्यांवर लावली जाते.

आता करावयाचे काम

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन उत्पादनाची क्षमता उभारणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र शासनानेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीसह हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. तत्पूर्वी ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी यांच्या सहकार्यातून साकारलेली, देशात विकसित झालेली हायड्रोजन इंधनघटावरील बस सादर झाली होती. सूर्यप्रकाश आणि वारा यांपासून मिळणाऱ्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढावयाचा, ही या सर्वांमागील कल्पना आहे. हा वायू नळ्यांतून, टाक्यांतून आणि वाहनांतून फिरू लागेल, तेव्हा प्रत्येक जोड, प्रत्येक झडप व प्रत्येक शेड यांवर पहारा लागेल. दोन-चार महागडी आयात उपकरणे त्यास पुरणार नाहीत. स्वस्त, टिकाऊ आणि गावच्या तंत्रज्ञाला दुरुस्त करता येतील असे संवेदक हजारोंच्या संख्येने लागतील.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. काही गोष्टी आजही करण्याजोग्या आहेत. बॅटरीच्या खोलीला छतालगत झरोका असावा. खाली खिडकी आहे म्हणून तो टाळू नये. हायड्रोजनचा संवेदक छताजवळ लावावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा संवेदक जमिनीलगत लावतात. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. घरातील इन्व्हर्टर बंद कपाटात किंवा देवघराच्या दिव्याजवळ ठेवू नये. बॅटरीतील पाणी पाहताना काडी अगर मेणबत्ती पेटवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संवेदक लावला की काम संपले असे समजू नये. ठरावीक मुदतीने, ज्ञात प्रमाणाचा हायड्रोजन मिसळलेली हवा त्यावर सोडून तो बोलतो की नाही हे पाहावे आणि त्या तपासणीची तारीख व मिळालेले वाचन नोंदवहीत लिहावे. न तपासलेला संवेदक हा संवेदक नसल्याहून वाईट; कारण तो निर्धास्तपणा देतो, संरक्षण देत नाही.

या तपासणीच्या कामात ग्रामीण महाविद्यालयांना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना मोठा वाव आहे. येथील ऊन, येथील धूळ आणि येथील कारखान्यांच्या वाफा यांत कोणती तार किती दिवस टिकते, याची पद्धतशीर नोंद कोणत्याही परदेशी ग्रंथात मिळणार नाही. ती येथेच करावी लागेल. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने तार उगवावी, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिच्यावर गंधकाचा परिणाम मोजावा आणि विजेचे काम शिकणाऱ्याने तिला घंटा जोडावी, असा एकेक छोटा उपक्रम जरी उभा राहिला, तरी त्यातून मिळणारी आकडेवारी मोलाची ठरेल.

हायड्रोजन हे उद्याचे स्वच्छ इंधन आहे, यात शंका नाही. ते जाळले असता धूर निघत नाही, पाणी तयार होते. परंतु कोणत्याही नव्या इंधनावर लोकांचा विश्वास बसतो तो भाषणांनी अथवा आकड्यांनी नव्हे, तर ते हाताळणारा कामगार संध्याकाळी सुखरूप घरी परततो यामुळे. तो विश्वास निर्माण करण्याचे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांवर जितके अवलंबून आहे, तितकेच त्या तारांची वेळच्या वेळी परीक्षा घेणाऱ्या दक्ष माणसांवरही अवलंबून आहे.